मिळकत पत्रिकेवर 'मालक' हा शब्दच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम उपनगरांतल्या गावठाणांत सध्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. बिल्डरचा माणूस येतो, चहा होतो आणि जो तो आपले प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका, पुढे सरकवतो. 'हे बघा, वडिलांचे नाव.' आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत होतो.

वडिलांनी अंधेरीतल्या गावठाणात १९६२ साली रजिस्टर खरेदीखताने जागा घेतली. पुढे मागच्या पडवीला चुलत भावांनी भिंत घातली, तेव्हा मालकी जाहीर करून ताबा मिळावा म्हणून वडिलांनी दावा लावला. सोबत पत्रिका, महापालिकेच्या करपावत्यांची चळत, विजेची बिले आणि खरेदीखताची झेरॉक्स. मूळ खत घरात सापडत नव्हते. तरी खालच्या कोर्टाचा हुकूमनामा आमच्या बाजूने झाला. चाळभर पेढे वाटले.

मुंबईत नगर दिवाणी न्यायालयाच्या निकालावरचे पहिले अपील उच्च न्यायालयात जाते आणि तिथे सगळा पुरावा पुन्हा तपासला जातो. चुलत भाव अपिलात गेले आणि आमचे घोडे तिथेच पेंड खाऊ लागले. झेरॉक्सला निशाणी क्रमांक पडलेला नव्हता, म्हणजे ती पुरावा म्हणून नोंदलीच गेली नव्हती, मूळ दस्त हरवल्याचे शपथेवर कोणी सांगितले नव्हते, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल काढायचे तर कोणाला सुचलेही नव्हते. उरली पत्रिका. ती एकदा चष्मा लावून वाचा. तिच्यावर 'धारक' आहे, 'पट्टेदार' आहे, 'भार' आहे. 'मालक' कुठेच नाही. फेरफाराच्या, म्हणजे सरकारी दप्तरात नाव बदलल्याच्या, नोंदीने मालकी येतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. आमच्या उंबऱ्यापर्यंत ते कधी आले नाही.

चुलत भावांकडे तर कागदाचा चिटोराही नव्हता. पण दावा लावणाऱ्याने आपल्या कागदांच्या जोरावर जिंकायचे असते. समोरच्याची बाजू लंगडी आहे म्हणून नव्हे.

अपील चालू असताना मूळ खत सापडले, तेही घरातच! आत्याच्या पलंगाखालच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. 'त्यात नुसती जुनी भांडी आहेत,' असे आई सांगत आली आणि आम्ही ते मानले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ खाली जादा पुराव्याचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. पुरेशी खटपट करूनही जो कागद आधी मिळू शकला नसता, त्याच्यासाठी हा नियम आहे. राहून गेलेले ठिगळ लावायला नाही. ट्रंक तुमच्याच घरात होती ना, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कोर्टाला दोष देत नाही. चटका वेगळाच आहे: तीस वर्षांहून जुना मूळ दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर सह्या शाबीत करायला साक्षीदार न आणताही कोर्ट तो खरा मानू शकते. तो कागद वेळेवर हजर झाला असता तर स्वतःच बोलला असता.

महसूल खात्याला एक विनंती. पत्रिकेच्या तळाशी ठळक मराठीत एक ओळ छापा: 'ही नोंद मालकीचा पुरावा नाही.' आणि गावठाणातल्या शेजाऱ्यांनो, बिल्डरला चहा देण्याआधी दुय्यम निबंधकांकडे अर्ज करून नोंदलेल्या दस्तांच्या जुन्या सूची शोधा, प्रमाणित नक्कल काढा. पलंगाखालच्या ट्रंकाही उघडा, आई काहीही म्हणो.

अपिलात आम्ही हरलो. वकिलांनी आम्हाला पुढचा, दिल्लीचा रस्ता दाखवला. आम्ही तिकीट काढले नाही. पडवीत आता चुलत भावांची वॉशिंग मशीन आहे.

आपला,
एक वाचक, अंधेरी