झडप बसवली, पण पुढची दहा वर्षे कोण पाहणार?

मा. संपादक,

माझ्या आईच्या हृदयाची महाधमनीची झडप तीन वर्षांपूर्वी, तिच्या ७७व्या वर्षी, छाती न उघडता मांडीतल्या धमनीतून नळी घालून बदलली. त्याआधी नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्याचा जिना चढताना ती दोनदा बसायची. आता दर संकष्टीला टेकडी गणपतीला जाऊन येते. ज्यांनी हे केले त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या काळाबद्दल आहे.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, जखमेची काळजी होती. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावे लागते, नाहीतर नव्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे आम्हाला दीड वर्षाने दातांच्या डॉक्टरांकडून कळले. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी करायचा असतो, हेही तसेच उशिरा. आणि जेव्हा नवीन इको केला, तेव्हा झडप बसवल्यानंतरचा पहिला इको इस्पितळात सापडेना. झडप आतून घट्ट होऊ लागली आहे का, हे एका इकोवरून कसे कळणार? झडपेतून रक्त जातानाचा तेव्हाचा दाब आणि आजचा दाब शेजारी ठेवूनच ते कळते.

फ्रान्समधल्या रूआं शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये अशी पहिली झडप माणसाला बसवली. सुरुवातीला ती ऑपरेशन न झेपणाऱ्या रुग्णांसाठीच होती, आता कमी धोक्याच्या, तुलनेने तरुण रुग्णांनाही बसवतात. म्हणूनच ती किती वर्षे टिकते हा प्रश्न मोठा झाला आहे. डेन्मार्क-स्वीडनमधल्या ‘नोशन’ अभ्यासात सरासरी ७९ वयाच्या २८० रुग्णांना दहा वर्षे पाहिले. नळीतून झडप बसवलेले आणि छाती उघडून बसवलेले, दोन्ही गटांत दहापैकी सहाहून अधिक जण तोवर गेले होते, म्हणजे जगण्यात फारसा फरक नव्हता. झडप गंभीरपणे खराब होण्याचे प्रमाण मात्र नळीच्या गटात १.५ टक्के, तर दुसऱ्या गटात १० टक्के निघाले. हे वाचून मला खूप धीर आला. पण हे आकडे ८० च्या आसपासच्या माणसांचे आहेत. साठीतल्या रुग्णाला पुढे दुसरी झडप लागू शकते आणि ती पहिलीच्या आत बसवणे दरवेळी सोपे नसते. त्याच्या घरच्यांना हे आधी सांगायलाच हवे.

हे आकडे मिळाले कारण तिथे कोणीतरी दहा वर्षे त्या माणसांची विचारपूस करत राहिले. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याने २०१२ मध्येच या उपचाराचे पैसे देताना राष्ट्रीय नोंदवहीत माहिती भरण्याची अट घातली. आपल्या नागपुरात गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून रुग्ण येतात, झडप बसवून गावी परततात. फोन नंबर बदलतो, मुलगा पुण्याला जातो, आणि माणूस इस्पितळाच्या नजरेआड होतो.

माझी मागणी फार नाही. झडपेचे नाव, साइझ, क्रमांक आणि पहिल्या इकोचे आकडे असलेले एक कार्ड मराठीत द्यावे, हिंदी भागातल्या रुग्णाला हिंदीत. वर्षातून एकदा इस्पितळातून फोन यावा. आणि शहरातल्या सरकारी व खासगी इस्पितळांनी मिळून पाच आणि दहा वर्षांनंतरची आपली नोंद जाहीर करावी.

– एक वाचक, महाल, नागपूर