रडक्या टेपवरचा फ्लोअर

दादर, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय चिंगे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज मला पुष्कळ बोलायचंय. अक्षर लागलं नाही तर चष्म्याचा नंबर तपासून घे, माझ्या अक्षराला नावं ठेवू नकोस.

काल पुतणीची जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा होती. धाकट्या दिरांची मुलगी गं, अकरा वर्षांची. नऊची वेळ दिलेली, सुरू झालं साडेअकराला. तेवढं एक आपल्या वेळचं टिकून आहे. बाकी थाट वेगळाच! आपण काथ्याच्या गाद्या ओळीने टाकायचो आणि बरोब्बर दोन गाद्यांच्या फटीत पाय मुरगळून घ्यायचो. इथे खरा स्प्रिंगचा फ्लोअर, बारा बाय बारा मीटरचा. कोणाचं लक्ष नाही बघून मी चप्पल काढून एक पाय टेकवला. पायाखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटतं. पोरींचे लिओटार्ड खडे लावलेले, लखलखते. आपले ते सगळ्यांना एकाच मापाचे निळे लिओटार्ड आठवतात? तुला ढगळ आणि मला... जाऊ दे.

पोरगी छान करते. राउंड ऑफ, फ्लिक, बॅक सॉल्टो, एका दमात. मी पंधराव्या वर्षी सरांचा हात कमरेखाली असल्याशिवाय फ्लिकसुद्धा मारत नव्हते. पण दर टंबलिंगनंतर, म्हणजे कोलांट्यांची ती माळ संपली की, ती कोपऱ्यात जायची, आमच्याकडे पाठ करून उभी राहायची, एक हात वर, दोन श्वास, आणि पळत सुटायची. मधल्या वेळात हात असे हलवले, जसे संध्याकाळी पार्कात डास हाकलतात. गाणं धडधड धडधड. अकरा मुली झाल्या, अकरांची गाणी आपसात बदलली असती तरी कोणाला पत्ता लागला नसता.

घरी येताना टॅक्सीत तिला विचारलं, "कोपऱ्यात गेल्यावर काय करतेस गं तू?" म्हणाली, "श्वास घेते काकू." आणि मग, अगदी समजूत घातल्यासारखं, "त्याचे मार्क नसतात."

रात्री झोप लागेना. यूट्यूब उघडलं आणि पहाटे तीनपर्यंत जुन्या स्पर्धांमधले फ्लोअरचे सेट बघत बसले. यांनी दोनदा विचारलं, डॉक्टरांना फोन करू का.

सोल ऑलिंपिकची आठवण आलीच. १९८८, गणपतीचे दिवस, आमच्या मजल्यावर रंगीत टीव्ही एकच, शेजारच्या काकूंचा, आणि आपण दोघी त्यांच्या पलंगाखाली निम्म्या आत, निम्म्या बाहेर. काकूंना कुस्ती बघायची होती. रोमानियाची डॅनिएला सिलिवास आली आणि काकू म्हणाल्या, "ही तर आपल्या बबडीएवढी!" फ्लोअरचं सुवर्ण तिनेच नेलं. रुपं मिळालं सोव्हिएत संघाच्या स्वेतलाना बोगिन्स्कायाला. तुला बोगिन्स्काया आवडायची, मला सिलिवास, आणि त्यावरून आपलं तीन दिवस वाजलं होतं. काल दोघींना पुन्हा पाहिलं आणि कबूल करते, तुझं बरोबर होतं. सिलिवास गोड आहे, तंत्राला तोड नाही, पण बोगिन्स्काया नुसती मान वळवते ना, तर त्या वळण्यात आधी डोळे जातात, मग हनुवटी, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. घाई म्हणून नाही. उंच मुलगी, लांब हात, आणि त्या हातांचं टोक कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक.

त्याच्या मागे जायचं तर १९७२चं म्युनिक. आपल्याकडे कोणी टीव्हीवर बघायचा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, ऑलिंपिक संपल्यावर. सोव्हिएत संघाची ओल्गा कोर्बुट दोन वेण्यांची, पडली तर रडणारी, जिंकली तर खिदळणारी. आणि तिच्याच संघात लुडमिला तुरिश्चेवा, राणीसारखी. सरांनी सांगितलेली तुरिश्चेवाची गोष्ट आठवते? १९७५, लंडन, कसरतीच्या दोन दांड्यांच्या बारवरून उतरली आणि मागे अख्खा बार कोसळला. ती सरळ उभी राहिली, पंचांना अभिवादन केलं आणि मागे वळूनसुद्धा न बघता निघून गेली. सर ही गोष्ट आपल्याला शिस्त लावायला सांगायचे. मला त्यात शिस्तीपेक्षा नखरा दिसायचा.

१९८५च्या जागतिक स्पर्धेतली ओक्साना ओमेल्यांचिक मी काल पहिल्यांदा पाहिली. तिच्या संगीतात पाखरं किलबिलतात आणि ही त्यांना हातांनी उत्तरं देते. ते बघताना मला एकदम तू आठवलीस. का ते पुढे सांगते.

मग मी विचार करत बसले की हे गेलं कुठे. या पोरींना येत नाही असं नाही. आपल्याला स्वप्नातही सुचलं नसतं ते त्या करतात. सिमोन बाइल्स हवेत दोन कोलांट्या आणि त्यातच तीन गिरक्या घेते. ही मुलगी गुरुत्वाकर्षणाशी कसला करार करून आली आहे कोण जाणे. पण हिशेब बघ. २००६ पासून दहापैकी दहा हा प्रकारच संपला. आता अवघडपणाचे गुण वेगळे आणि त्यांना वरची मर्यादाच नाही. गिरकी वाढली की गुण वाढले. पूर्वी वर दहाचं छत होतं. ठरलेला अवघडपणा भरला की पुढे करण्यासारखं एकच उरायचं, ते सुंदर करणं. (सोलला दहा दहाची इतकी खिरापत वाटली गेली की शेवटी त्या दहालाही किंमत राहिली नाही, हेही खरं.) दीड मिनिटाचा वेळ मात्र तेवढाच आहे. त्यात आणखी एक टंबलिंग कोंबायची तर काहीतरी बाहेर काढावं लागणार. काढलं ते हे, मान वळवणं.

आणि दुसरी गोष्ट, जिचं नाव काढलं की तू दात-ओठ खायचीस. कंपल्सरी! सगळ्यांना तोच सेट, तेच संगीत, तेच हात. आपल्याला वाटायचं काय हा जाच. अटलांटा, १९९६ हे कंपल्सरीचं शेवटचं ऑलिंपिक. काल मला पहिल्यांदा त्याची किंमत कळली. एकच बंदिश दहा जणींनी गायली की मगच कळतं ना कोणाचा आवाज लागलाय? एक साधी उडी, पण सोव्हिएत पोरींची पाहिली की कळतं यांच्यामागे बॅले शिकवणारी कोणीतरी उभी आहे, पायाच्या बोटापर्यंत कोणीतरी नजर ठेवलीय. आता प्रत्येकीची बंदिशच वेगळी आणि सगळ्यांचा भर तानांवर.

हे सगळं मी रात्री मनात रचत होते आणि स्वतःवर खूश होत होते. मग खाली पुढचा व्हिडिओ आला, येलेना मुखिनाचा. १९७८ची विश्वविजेती. किती सुंदर फ्लोअर आहे तिचा, चिंगे, आणि चेहरा किती उदास. मॉस्को ऑलिंपिकच्या दोन आठवडे आधी तिला सरावात थॉमस सॉल्टो करायला लावला. हवेतून येऊन सरळ पुढच्या कोलांटीत उतरायचं, जरा उंची कमी पडली की मान. आधीच्या मोडलेल्या पायात बळ आलेलं नव्हतं. मान मोडली. विसाव्या वर्षी अंथरुणाला खिळली ती २००६ मध्ये जाईपर्यंत. पुढे बायकांच्या फ्लोअरवर त्या सॉल्टोला बंदी आली.

मग बंद केला फोन. कारण सिलिवासचंही आठवलं. तिनेच पुढे सांगितलं की कागदोपत्री तिचं वय दोन वर्षांनी वाढवलेलं होतं. म्हणजे पलंगाखालून आपण जिला ताई समजत होतो ती आपल्याहून धाकटी होती. काकूंचं बरोबर होतं, बबडीच होती ती. आपण जिला नजाकत म्हणत होतो त्यातलं किती त्या पोरींचं स्वतःचं होतं आणि किती उपाशी पोटाचं? आपल्या सरांचंही वजनाचं ते रजिस्टर होतंच की. दर शनिवारी सगळ्यांसमोर माझा आकडा मोठ्याने वाचायचे. आज कोणी पुतणीशी तसं वागलं तर मी त्याला काट्यावर उभं करीन.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकची फ्लोअर फायनल आपण फोन कानाला लावून पाहिली होती तेव्हा हा सगळा विचार केला नव्हता. ब्राझीलची रेबेका आंद्राजी १४.१६६, बाइल्स १४.१३३. बाइल्सचे दोन्ही पाय दोनदा रेषेबाहेर गेले त्याचे ०.६ कापले, नाहीतर निकाल वेगळा होता. आंद्राजी तेव्हा पंचवीस वर्षांची, बाइल्स सत्तावीसची. बायका आहेत त्या, बाहुल्या नाहीत. गुडघ्याची ऑपरेशनं होऊन परत आलेली आंद्राजी फ्लोअरवर हसते तेव्हा ते कोणी शिकवलेलं हसू वाटत नाही. आणि पोडियमवर बाकीच्या दोघी तिला वाकून मुजरा करतात! तुरिश्चेवाने ओल्गाला असा केला असता? छे.

तर जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेली नाही. मला फक्त कोपरा परत हवाय. शिवाजी पार्कला २०१९ मध्ये मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, तुला ये ये म्हटलं होतं, आली नाहीस. दोरीवरच्या मुली बघायला हव्या होत्यास. पायाचा अंगठा आणि बोटाच्या मध्ये दोर पकडायचा, उलटं लटकायचं, आसन लावायचं आणि थांबायचं. दोर जरासा फिरतो, तेवढीच हालचाल. मैदानात भेळवाल्याचा आवाज येत असूनही लोक गप्प होते. तिथे थांबणं हीच करामत असते.

आता तुझं. १९८७ची ती आंतरक्लब स्पर्धा. तू विषय निघाला की कान बंद करतेस, म्हणून लेखी सांगते.

सरांनी पारशी कॉलनीतल्या त्या बाईंकडून तुझ्यासाठी पियानो टेप करून आणला होता. टेपच्या शेवटी शेवटी त्यांचा कुत्रा एकदाच भुंकतो. सर म्हणाले पुन्हा रेकॉर्ड करू, तू म्हणालीस नको, आणि बरोब्बर त्या भुंकण्यावर तू स्प्लिट लीप बसवलीस. ओमेल्यांचिकची पाखरं, तुझा कुत्रा. हॉलमध्ये प्लग लांब होता म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर लावला आणि तुझ्या दुसऱ्या टंबलिंगनंतर सेल उतरले. टेप रडायला लागली. सूर ओघळत खाली चाललेले. गॅलरीत पोरं फिस्सकन हसली. मी खाली टेपजवळच उभी होते, बंद करू का म्हणून सरांकडे पाहिलं, सर तुझ्याकडे बघत होते.

तू कोपऱ्यात होतीस. दुसरी कोणी असती तर पळत सुटली असती नाहीतर रडली असती. तू टेपचं ऐकलंस. हात खाली यायचा होता तो टेपबरोबर येत राहिला, येतच राहिला. मान वळवलीस, आधी डोळे, मग हनुवटी. पंच बाईंकडे असं पाहिलंस की त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. वळणं तीच, पण पाण्याखाली चालल्यासारखी. हसणारी पोरं कधी गप्प झाली कळलं नाही. आणि मग तो कुत्रा भुंकला, रेड्यासारखा, भ्वॉऽऽऽ, आणि तू नेमकी त्याच क्षणी हवेत होतीस. त्या सुरावर उडी कशी मोजलीस तू? मला अजून सुटलेलं नाही ते.

वेळेची घंटा केव्हाच वाजून गेली होती. नव्वद सेकंदांच्या वर गेलीस म्हणून गुण कापले, पाचवी आलीस, आणि परतीच्या बसमध्ये कोणाशी बोलली नाहीस. त्यानंतर फ्लोअरच सोडलास. मी तेव्हा काही म्हणाले नाही कारण मला वाटलं सांत्वन केल्यासारखं होईल. आज म्हणते. काल रात्री तीन वाजेपर्यंत मी कोर्बुट पाहिली, बोगिन्स्काया पाहिली, अटलांटाची पोडकोपायेवा पाहिली, आणि सारखी मधेच तू दिसत होतीस.

पुतणीला मी ही गोष्ट सांगितली. आधी खूप हसली. मग म्हणाली, "काकू, रडक्या टेपवर मला करून बघायचंय."

तेव्हा माळ्यावर चढ आणि ती टेप शोध. तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे, २०११च्या स्थलांतरात मीच खोक्यावर "किरकोळ" लिहिलं होतं. टेपरेकॉर्डर मी लॅमिंग्टन रोडला बघते, तिथे नसला तर चोर बाजारात मिळेल. सेल मात्र अर्धे उतरलेले कुठून आणायचे ते तू सुचव.

तुझीच,
ढब्बी

ता. क. गुडघा बरा आहे. मांडी घालता येत नाही, जिना जमतो. खाली वाकून हाताचे तळवे अजून जमिनीला टेकतात, सकाळी करून पाहिलं.