मोरपंखी म्हणून विकलेली हिरवी पैठणी परत घेण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या माणसाचा फोन ठेवला. कॉल रेकॉर्ड होतो म्हणता ना, मग जरा स्वतः ऐका.

मोरपंखी पैठणी मागवली, आली चक्क बॉटल ग्रीन. परत घ्या म्हटलं तर, "रंगातला फरक दोषात धरत नाही मॅडम, तुमच्या स्क्रीनमुळे वाटलं असेल." मी म्हटलं, तुमच्याच पानावर पहिल्या फोटोत साडी निळसर आहे आणि पदराच्या क्लोज-अपमध्ये हिरवी. स्क्रीन तीच, साडी तीच. यावर तो कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, साडी ट्यूबलाइटखाली धरा, फोटोसारखी दिसेल." आणि बहिणीच्या लग्नात काय करू? "तिथे लाइटिंग असेलच की." हसला वर! म्हणजे मी मांडवभर खांद्यावर ट्यूब घेऊन हिंडायचं. शेवटी, "अजून काही मदत करू शकतो का?" अजून? आधी कुठली केलीत?

तो पहिला फोटो उघडा. पुतळ्याचा पांढरा स्टँड निळा दिसतोय. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायचा रंगांचा मेळ, साफ चुकलाय आणि तीच निळाई साडीवर चढलीय. साडीशेजारी 18 टक्के ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात तो करडा पुठ्ठा, ठेवून त्याच दिव्यांत एक फोटो काढायचा आणि त्यावरून बाकीचे दुरुस्त करायचे, एवढं तुमच्या फोटोग्राफरला येत नसेल तर पगार कशाचा देता? पैठणीत ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या, कोन बदलला की छटा बदलते. हे मी तुम्हाला सांगायचं? दोन्ही धाग्यांचे रंग लिहा, साडी हलवून छोटा व्हिडिओ टाका. दुकानात निदान दाराशी नेऊन उन्हात बघता येते. इथे आमच्या हातात फक्त तुमचा फोटो, आणि तोच खोटा.

पुन्हा सांगते, स्क्रीनचा संबंध नाही. एकाच पानावर एकच साडी दोन रंगांची आहे.

फॉल-पिको केलेलं नाही, ब्लाउज पीस कापलेला नाही, टॅगही तसाच आहे. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 वाचा. तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते, तेही त्यातच आहे. नाही आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, त्यामुळे आता घाईघाईने फोटो बदलूनही उपयोग नाही.

नणंदेला तुमचं नाव मीच सुचवलं होतं. आता तिला काय तोंड दाखवू?

साडी न्यायला माणूस पाठवा आणि पूर्ण पैसे खात्यात जमा करा. कूपन नको. फोनही नको, जे असेल ते लेखी कळवा.

तुमची आतापर्यंतची ग्राहक