आल्या पावली

दादा,
सप्रेम नमस्कार.

"आल्या पावली मागे फिरा. आपापल्या ठशांवरूनच." किनाऱ्यावर पक्षी दाखवायला नेताना पायवाटेवर तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, ते अजून कानात आहे. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या दोन वाक्यांचे.

समोर एक चिखल्या, किनाऱ्यावरचा चिमुकला पक्षी, पंख ओढत, लंगडत पळत होती. सगळ्यांचे कॅमेरे तिच्याकडे वळले. तुम्ही मात्र वाळूकडे पाहिलंत. पंख मोडल्याचं सोंग ती आणते ते अंडी किंवा पिल्लं जवळ असली की. भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला, कोरड्या वाळूत उकरलेला उथळ खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन ठिपकेदार अंडी. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. अशा वेळी पाय पडून गेलेली जागा तेवढीच खात्रीची. बाजूला सरकलं की अंडी चिरडण्याचा धोका. आणि तिथेच घुटमळत राहिलं, तर उघडी अंडी तापलेल्या वाळूत होरपळतात. एरवी ही चिखल्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ती परत येऊन बसली, हे दुर्बिणीतून पाहीपर्यंत तुम्ही कोणाशी बोललाही नाहीत.

याआधी पैसे मोजून घेणाऱ्या वाटाड्यांनी ऐन ओहोटीला, भर उन्हात नेलं होतं. पक्षी दूर चिखलात पांगलेले, स्कोपमध्ये, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीत, उन्हाच्या झळांनी थरथरणारे ठिपके. वर उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या! साठवलेल्या चरबीवर पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा स्थलांतरी किनारपक्षी काय करतो, हे त्यांना ठाऊक नसेल का? 2022 साली या जातीचं एक कोवळं पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, 11 दिवस, कुठेही न उतरता उडत गेलं. स्थलांतराच्या तोंडावर उगाच उडायला लावलं, की त्याच शिदोरीला हात लागतो.

तुम्ही भरतीच्या दोन तास आधी नेऊन बसवलंत, सूर्य पाठीशी ठेवून. पाणी चढत गेलं तसे टिलवे, तुतवार, चिखल्या आपणहून पुढ्यात आले. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका, हेही सांगितलंत. स्कोप 20-25 पटींवरच ठेवायला लावलात. 60 पटींवर चित्र काळवंडतं आणि वाऱ्याने हलतं. थव्याने चरणं थांबवून माना वर केल्या, की तुमचा हात खाली व्हायचा आणि सगळे दहा पावलं मागे.

पैसे आम्ही दिले होते, तरी त्या सकाळी तुम्ही आधी त्या खळग्याचे होतात. गिऱ्हाईक नाराज होईल, हा विचार तुमच्या चेहऱ्यावर क्षणभरही आला नाही. असा सचोटीचा माणूस भेटला, की जीव भरून येतो.

पुढच्या भरतीला बोलवा. सांगाल तिथे बसू, म्हणाल तेव्हा उठू.

तुमच्या मागून ठशांवर पाय ठेवत आलेल्यांपैकी एक