हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर छोटी क्रेन बसवा : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात २६ वर्षे हातपंप दुरुस्ती पथकात मेकॅनिक होतो. आता निवृत्त आहे. माझी मागणी एकच आहे : पथकाच्या गाडीवर अर्धा टन उचलणारी छोटी क्रेन बसवून द्या.

हातपंप बंद पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा बारीक असतो. सिलिंडरमधले वॉशर झिजलेले असतात, नाहीतर एखादा रॉड तुटलेला असतो. वॉशर तळहातावर मावतो, पण तो बसलेला असतो शंभर-दीडशे फूट खाली. तिथवर पोचायला इंडिया मार्क २ चे, म्हणजे आमच्याकडच्या नेहमीच्या हातपंपाचे, सगळे पाइप वर काढावे लागतात. एक पाइप ३ मीटरचा, साडेनऊ किलोच्या आसपास. ४५ मीटरला असे १५ पाइप, आत तेवढेच रॉड, आणि खालचा व्हॉल्व्ह पाणी धरून असला तर पाइपात उभे पाणी. सगळे मिळून सव्वादोनशे किलो भरतात. हे वजन चार माणसे कमरेच्या जोरावर उचलतात. उचलायचे, क्लॅम्प आवळायचा, पाइप सोडवायचा, पुन्हा वाकायचे. वॉशर बदलला की तेच सगळे उलटे. खाली सोडताना भीती जास्त, कारण तोवर हात थकलेले असतात.

एका मे महिन्यात आमचा क्लॅम्प सरकला. मदतनिसाची दोन बोटे त्यात गेली आणि पाइप बोअरमध्ये गेले. दोन दिवस गळ टाकून पाहिला, निघाले नाहीत. त्या वस्तीला तेवढा एकच बोअर होता, तो कायमचा बाद झाला. मदतनीस रोजंदारीवर होता. त्याला दवाखान्याच्या खर्चापलीकडे काही मिळाले नाही, आणि ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

हा पंप आपल्याच मुलखात घडला आहे. ओतीव लोखंडाचे पंप टिकेनात म्हणून जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्याच बांधणीवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क २ तयार झाला. पुढे मार्क ३ आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर ओढता येतो. पण आमच्या भागात जमिनीत आहेत ते बहुतेक मार्क २, आणि ते सगळे बदलायचे म्हटले तर कित्येक वर्षे जातील.

आता घरोघरी नळ आले, हातपंपाला कोण विचारतो, असे कोणी आपल्याला सांगेल. योजनेची विहीर आटली किंवा वीज गेली की सगळे गाव घागरी घेऊन कुठे येते, ते मी पाहिले आहे. शिवाय सौर दुहेरी पंप बसवलेल्या बोअरमध्ये हातपंपाचे पाइप आणि मोटरची केबल शेजारी-शेजारी लोंबतात. तिथे हिसका बसून चालत नाही, सरळ आणि सावकाशच उचलावे लागते.

क्रेन मोठी नको. बॅटरीवरची विंच (दोर गुंडाळून वजन ओढणारे यंत्र), वजन अधांतरी धरून ठेवणारा ब्रेक आणि जमिनीपासून निदान साडेचार मीटरवर जाणारा हुक, म्हणजे अख्खा पाइप एका दमात बाहेर येईल. मात्र क्रेन नुसती हौद्याच्या पत्र्यावर जोडू नका. खाली चासीला धरणारी वेगळी चौकट हवी आणि बाजूला टेकणारे पाय हवेत. दोनशे किलो गाडीपासून दोन मीटरवर उचलले की गाडी त्या बाजूला कलते. क्रेनचा हात जितका लांब, तितके कमी वजन झेपते. कुठल्या लांबीला किती किलो, हा तक्ता क्रेनवरच मराठीत रंगवलेला असावा. क्रेनच्या स्वतःच्या वजनाइतके सामान कमी न्यावे लागेल, हेही आधीच धरा. गाडीतला हा बदल आरटीओत नोंदवावा लागतो. ते काम खात्याने करावे, चालकाच्या गळ्यात घालू नये. आणि डोक्यावर विजेची तार असेल तिथे क्रेन उघडायचीच नाही, हे प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगावे.

जुनी तिपाई आणि चेन-कप्पी मोडीत काढू नका. अरुंद बोळातल्या पंपापर्यंत गाडी जात नाही, तिथे तीच लागते.

एका तालुक्याची एक गाडी निवडा आणि उन्हाळ्याच्या आत तिच्यावर क्रेन बसवा. एका पंपाला किती तास लागले आणि किती माणसे लागली, हे पथकाकडून वहीत लिहून घ्या. पहिल्या दहा पंपांना मी स्वतः सोबत जाईन. मानधन नको.

आपला,
एक निवृत्त हातपंप मेकॅनिक