पूल पडला की तास संपतो

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत लहान मुलांच्या रोबोटिक्सवर लेख आला होता, तयार सुट्या भागांचं किट जोडून मुलं डिझाईन शिकतात असा, तो वाचून लिहितेय. मी प्राथमिकला शिकवते, त्यामुळे जरा स्पष्टच बोलते, राग मानू नका. किट जोडणं म्हणजे डिझाईन नव्हे हो, चित्रात दाखवलंय तसा स्क्रू पिळला, गाडी पळाली, टाळ्या, फोटो, संपलं, यात पोराने स्वतः ठरवलं काय?

डिझाईनला आधी अडचण लागते आणि सामान कमी लागतं. दोन पुस्तकांमध्ये वीतभर अंतर, एकच कागद, चिकटपट्टी नाही, वर खोडरबर ठेवायचेत, करा पूल. सपाट कागद पहिल्याच खोडरबरला मधे झोळ खाऊन पडतो. मग कोणीतरी वैतागून त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालतं आणि आता तोच कागद चार-पाच खोडरबर आरामात पेलतो! कागद तोच, मग ताकद आली कुठून? मी तेव्हा फूटपट्टी देते, आडवी धरून वाकव, आता धारेवर उभी धरून वाकव. उभी वाकत नाही, घडीने कागदालाही तशीच उंची मिळते, दुसरीतल्या पोराला एवढं बास. (कागदावर आधी आराखडा काढा म्हटलं की निम्मे जण पुलावर सूर्य आणि फुलं काढतात, काढू देत.)

बोस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्सने २००३ पासून प्राथमिकसाठी जो अभ्यासक्रम केला त्यात पाचच पायऱ्या आहेत, विचारा, कल्पना करा, आखा, बनवा, सुधारा. आमच्याकडे चौथ्या पायरीपर्यंत येतो तोवर घंटा होते, पाचवी पायरी कायम "पुढच्या वेळी" आणि खरं शिकणं तर तिथेच असतं ना. अमेरिकेच्या २०१३च्या विज्ञान मानकांतही पहिली-दुसरीच्या मुलांनी एकाच अडचणीवरच्या दोन वस्तू तपासून कुठली कशात बरी, कशात कमी हे बघावं असं आहे. म्हणजे दोन पूल शेजारी, अंतर सारखं, खोडरबर सारखे, एकेक करून ठेवायचे. एकाने मूठभर टाकले की दुसरा लगेच ओरडतो "चीटिंग!", झाली की हो चाचणीची शिस्त शिकवून.

अजून एक, ज्याचा पूल जास्त पेलेल त्याला स्टार देणं बंद करा, स्टार मिळालेलं पोर दुसऱ्या फेरीत काही बदलायलाच तयार होत नाही, मी स्वतः ही चूक दोन वर्षं केलीये. आता मी फक्त विचारते काय बदललंस आणि का. आणि प्रोजेक्ट घरी देऊच नका, घरून आलेला पूल बाबांचा असतो, रात्री अकराला बनवलेला.

शाळांनी आठवड्यात एकदा दोन तास जोडून द्यावेत, सामान रद्दीतलं चालतं. आणि पुढच्या वेळी पुरवणीत फोटो छापाल तेव्हा पडलेला पूल पण छापा की, शेजारी त्याच पोराचा दुसरा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका