माळ्यावरचा ‘कमांडो’

महोदय,

परवा माळा आवरताना ‘कमांडो’ या इंग्रजी सचित्र युद्धकथामालेचा एक जुना अंक हाती लागला. खिशात मावेल एवढा, आत काळी-पांढरी चित्रे, पाठीवर वाचनालयाचा जांभळा शिक्का. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून १९६१ पासून निघणारी ही पुस्तके आम्हाला रोजच्या भाड्याने मिळत. रणगाड्यांचे इंग्रजी आम्ही व्याकरणाआधी शिकलो, ते असे!

पण खरा राजा ‘ईगल’. मार्कस मॉरिस या पाद्र्याने (हो, पाद्र्यानेच!) १४ एप्रिल १९५० रोजी सुरू केलेले हे मुलांचे ब्रिटिश चित्रकथा-साप्ताहिक. फ्रँक हॅम्पसनचा अवकाशवीर डॅन डेअर पहिल्या पानावर, रंगीत. यानांचे छोटे नमुने बनवून, सहकाऱ्यांना हव्या त्या पवित्र्यात उभे करून हॅम्पसनची मंडळी चित्रे काढीत. मला मात्र मधल्या पानांचे वेड. आगगाडीचे इंजिन उभे चिरल्यासारखे दाखवलेले, प्रत्येक नळीला, झडपेला आकडा. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका अंकातले ते पान मी भातखळीने भिंतीवर चिकटवले आणि आईची बोलणी खाल्ली. १९६९ मध्ये ‘ईगल’ ‘लायन’ या दुसऱ्या चित्रकथा-साप्ताहिकात विलीन झाला.

आता वाचताना एक गोष्ट मात्र खटकते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक होते. माळ्यावर सापडलेल्या या अंकात लढाई ब्रह्मदेशातली आहे. चौसष्ट पाने उलटली, आपला जवान एकाही चौकटीत नाही.

– एक वाचक, डोंबिवली